ठिपका टेकेना

१

आमच्या कामाला दोन चांगले डोळे लागतात, डोकं थोडं कमी असलं तरी चालतं, असं आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात आणि स्वतःच हसतात. यात विनोद थोडा आणि खरं जास्त आहे. विमान डोंगरावरून सरळ रेषेत उडतं आणि थोड्याथोड्या अंतराने खालचा फोटो काढत जातं. लागोपाठच्या दोन फोटोंत बराचसा भाग तोच असतो, फक्त जरा पुढच्या जागेवरून टिपलेला. ते दोन फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, त्यांच्यावर आरशांचा स्टिरिओस्कोप उभा करायचा, डाव्या डोळ्याने डावा फोटो बघायचा आणि उजव्याने उजवा. आधी सगळं दुहेरी दिसतं, डोळ्यांना पाणी येतं, आणि मग एकदम कागदातून डोंगर वर येतो. दऱ्या खोल जातात, झाडं ताठ होतात, घरांना उंची येते. इतकी वर्षं झाली तरी त्या क्षणी मला अजूनही मजा वाटते.

माझं काम दरडी शोधायचं. पूर्वी कुठे कोसळल्या, पुढे कुठे कोसळतील. जुनी दरड जमिनीवर उभं राहून कळत नाही, कारण तिच्यावर झाडं वाढतात, रस्ते होतात, लोक हौसेने घरं बांधतात. वरून मात्र ती लपत नाही. वरच्या अंगाला अर्धगोल तुटलेली कड, खाली सुरकुतलेली जमीन, मध्येच वाट चुकलेला ओहोळ. मी तिच्याभोवती लाल रेघ ओढते आणि पुढचा फोटो घेते.

उंची मोजायला एक दांडी असते. तिच्या दोन टोकांना काचेच्या चकत्या आणि प्रत्येक चकतीवर एक बारीक ठिपका. स्टिरिओस्कोपमधून बघितलं की दोन ठिपक्यांचा एकच ठिपका होतो आणि तो हवेत तरंगताना दिसतो. दांडीचा स्क्रू फिरवला की तो हळूहळू खाली उतरतो. जमिनीला लागला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. ऑफिसात याला 'टेकवणं' म्हणतात. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि मोजणाऱ्याने 'टेकला' म्हटलं की लिहिणाऱ्याने पुढचा बिंदू सांगायचा. दिवसभर आमच्या खोलीत हाच एक शब्द ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला वाटेल की इथे सगळे दमलेले आहेत.

ताईचं घर ज्या उतारावर आहे त्याचे नवे फोटो आले त्या दिवशी मी खुशीत होते. दरीच्या पलीकडचा उतार काही वर्षांपूर्वी घरांसकट खाली आला होता, त्यामुळे अलीकडच्या उताराचे फोटो ठरावीक काळाने घ्यावे लागत. मला त्यात ताईचं घर शोधायचा नाद होता. पांढरी गच्ची, पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी. या वेळी विमान खूप खालून गेलं होतं आणि गच्चीच्या मधोमध तिळाएवढा काळा डागही होता. मी लगेच फोन लावला.

"ताई, विमान गेलं तेव्हा तू गच्चीवर होतीस ना?"

"चादरी काढत होते. फोटोत आले की काय मी?"

"आलीस. तिळाएवढी."

"आधी सांगितलं असतंस तर बरा ड्रेस तरी घातला असता," ताई म्हणाली. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताई कॉलेजात. तेव्हापासून ती माझी आई आहे, बहीण आहे आणि जगातली एकमेव व्यक्ती आहे जी मला 'बारके' म्हणते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

२

त्या दिवशी माझ्याबरोबर लिहायला दगडोबा होता. हा आमचा भूगर्भवाला. खडक दिसला की त्याला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून हे नाव. त्यालाही ते आवडतं. उताराचे बिंदू एकेक करून मी टेकवत गेले आणि तो लिहीत गेला. मग ताईचं घर आलं.

गच्ची पांढरीफटक होती. पांढऱ्यावर ठिपका धरायला त्रास होतो, नजर घसरते. म्हणून मी नेहमीच्या सवयीने जवळची ठळक खूण पकडली, तो काळा डाग, आणि ठिपका त्याच्यावर आणून खाली सोडायला लागले. ठिपका उतरला. अजून उतरला. गच्चीच्या पातळीला यायला हवा होता तिथे आला, आणि थांबला नाही. मी स्क्रू फिरवत राहिले. तो खाली जात होता हे मला दिसत होतं, आणि तरीही जिथे टेकायला हवा त्याच्या वरच होता.

"अगं टेकव की," दगडोबा म्हणाला. "पेन वाळलं माझं."

"टेकत नाहीये."

"म्हणजे?"

स्क्रू शेवटपर्यंत जाऊन अडला. मी आकडा बघितला. त्या आकड्याप्रमाणे ठिपका दरीतल्या नदीच्याही खाली गेला होता.

मला वाटलं, फोटोंची अदलाबदल झाली. आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी डावा फोटो उजवीकडे ठेवतो, आणि मग दऱ्यांचे डोंगर होतात, नद्या कड्यांवरून वाहतात. त्याला 'उलटा डोंगर' म्हणतात आणि ज्याच्या हातून होतो त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असतो. मी तपासलं. नदी दरीतच होती. आजूबाजूची घरं जिथल्या तिथे होती.

दगडोबाने मला उठवलं आणि स्वतः बसला. दोनदा डोळे मिचकावले, स्क्रू फिरवला आणि म्हणाला, "टेकला." आकडा मागच्या वेळचाच, हाताच्या बोटाएवढाही फरक नाही.

"कुठे टेकवलास?"

"टाकीशेजारी, कोपऱ्यात. तू कुठे टेकवत होतीस?"

"मध्ये."

"मध्ये चादरी आहेत, बाई. वाऱ्याने हलल्या असतील." त्याने समजावलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. दोन फोटोंच्या मधल्या तेवढ्या वेळात एखादी गोष्ट हलली, तर ती स्टिरिओस्कोपमध्ये खोटी उंची दाखवते. रस्त्यावरचा ट्रक कधी हवेत तरंगताना दिसतो, कधी जमिनीत रुतलेला. "हलणाऱ्या वस्तूवर कधी टेकवायचं नसतं. चहा तुझ्याकडे लागला."

मी हसले, चहा पाजला. सगळे खाली गेल्यावर एकटीने परत बघितलं. चादरींपासून दूर, अगदी लक्ष देऊन, डाग घट्ट नजरेत धरून. ठिपका नदीखाली गेला आणि स्क्रू अडला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला, अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाला की या वयात असे डोळे म्हणजे चैन आहे. मला खरं तर त्याने काहीतरी दोष सांगायला हवा होता. दोष असता तर औषध असतं.

३

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले. बस वळणावळणाने चढते, आणि मी दर वेळी खिडकीतून दरी बघते. त्या दिवशी झाडं बघितली. जमीन सरकायला लागली की झाडांची खोडं बुंध्याशी वाकतात, विजेचे खांब कलतात, कुंपणाच्या भिंतीला पोट येतं. खोडं सरळ होती. खांब ओळंब्यात होते. ताईच्या कुंपणाची भिंत माझ्यापेक्षा ताठ उभी होती.

घरात शिरल्यावर मी दारं उघडून-मिटून बघितली, खिडक्यांच्या कड्या लावून बघितल्या, जिन्याखाली बॅटरी मारली. कुठे भेग नाही, ओल नाही, अडकणारं दार नाही.

"बहिणीला भेटायला आलीस की घर विकत घ्यायला?" भाऊजी म्हणाले. ते दरवाज्याजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. "भाव सांगू का?"

"फुकट दिलंत तरी नको," मी म्हटलं. त्यांना ते विनोदी वाटलं.

स्वयंपाकघर घराच्या मागच्या बाजूला आहे, दरीकडे. ओटा काळ्या दगडाचा. ताईने स्टीलचं पातेलं कपाटातून काढलं आणि ओट्यावर ठेवलं, आणि मी दारात उभी होते तिथेच थांबले. काय चुकलं ते मला लगेच कळलं नाही. एखाद्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की कसं काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, तसं झालं. मग तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग दोन कप ठेवले, बशा ठेवल्या, चमचे ठेवले. स्टील दगडावर, चिनीमाती दगडावर. आवाज नाही. गॅस पेटल्याचा आवाज आला, पाणी उकळल्याचा आला, ताईच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या. फक्त ठेवल्याचा आवाज कशाचाच आला नाही.

मी पुढे होऊन कप उचलायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. "महिन्यातून एकदा येतेस. बस बाहेर, मी आणते."

बाहेर भाऊजींनी कप टेबलावर ठेवला. टक्क. मी माझा ठेवला. टक्क.

"हल्ली किती शांत झालंय घर," मी त्यांना म्हटलं, सहज विचारल्यासारखं.

"हो ना. भांड्याला भांडं लागत नाही आमच्याकडे," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर ताईच्या दिशेने हसले. ताईही हसली.

माझ्या डोक्याने तिथल्या तिथे नकाशा काढला. दरवाज्याची बाजू डोंगराकडे, तिथे आवाज येतो. स्वयंपाकघराची बाजू दरीकडे, तिथे येत नाही. म्हणजे घराचा दरीकडचा अर्धा भाग जमिनीवर नाही. तो कसा नाही, आणि मग कशावर आहे, हे नंतर शोधायचं होतं, पण रेघ कुठून ओढायची ते मला कळलं होतं. मी बाईमाणूस म्हणून नाही, दरडी शोधणारी म्हणून घाबरले.

निघताना ताई फाटकापर्यंत आली. तिचा चेहरा ओढलेला दिसला. "झोप नाही का गं होत?"

"पाठ टेकते वेळेवर," ती म्हणाली, "पण टेकल्यासारखी वाटतच नाही. गादी बदलायला झालीय." आणि माझ्या पिशवीत तिने केलेल्या लोणच्याची बाटली घातली.

बसमध्ये बसल्यावर मला आठवलं की ती फाटकापर्यंत खडीवरून चालत आली होती. माझ्या पावलांचा करकर आवाज येत होता. तिचा येत होता का, ते मला काही केल्या आठवेना. मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष जमिनीकडे होतं.

४

"खुणा सांग," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. "भेग? फुगवटा? पाझर? कललेलं झाड? एक तरी सांग, मी आज लाल रेघ मारतो आणि सगळ्यांना घराबाहेर काढतो."

"ठिपका टेकत नाही."

"तुझा टेकत नाही. बाकी सगळ्यांचा टेकतो."

मी मागच्या खेपेचे फोटो काढून आणले होते. त्यात ताईची गच्ची रिकामी होती, नुसती पांढरी, आणि त्यावर ठिपका धरायला मला घाम फुटला होता. पण तिथे तो टेकला होता, छान, जागच्या जागी. म्हणजे मागच्या वेळी जमीन होती आणि या वेळी नाही, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दगडोबाला ताईच्या उताराची पाहणी करायला पाठवलं.

दगडोबा दिवसभर हातोडी घेऊन फिरला, भोकं पाडून आला, ताईच्या हातचं जेवून आला. "सलग कातळ आहे," तो म्हणाला. "सबंध गावात घर घ्यायचं झालं तर मी तेच घेईन. तुझी ताई काय झकास माणूस आहे गं. मला दुसऱ्यांदा वाढायला आली ते कळलंसुद्धा नाही, एकदम शेजारी उभी."

पण त्या वेळीही मी त्याला फक्त स्वयंपाकघराखालच्या कातळाबद्दल विचारलं.

मग मी ताईच्या मागे लागले. रोज फोन. माझ्याकडे राहायला ये, थोडे दिवस, दोघंही या. तिने आधी हसण्यावारी नेलं, मग चिडली. "तुझ्या त्या चष्म्यातून तुला सगळीकडे दरडीच दिसतात. दगडोबा सांगून गेलाय, कातळ आहे."

"ताई, मला तुझी काळजी वाटते."

"मग वाटू दे. काळजीसाठी घर सोडतात का कोणी?"

तिने माझ्यासाठी कॉलेज सोडलं होतं, पण स्वतःसाठी ती कपही हलवणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी खोटं बोलले. डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती सांगितली आहे, म्हटलं. एकटीने गॅसजवळ जायची भीती वाटते, म्हटलं.

"आधी सांगायचं नाही का, मूर्ख मुली," ताई म्हणाली. संध्याकाळच्या बसने ती आली. भाऊजी म्हणाले, बायको गेली तर निदान पेपर तरी शांतपणे वाचून होईल, आणि ते मागेच राहिले. दरीकडच्या बाजूला जाऊ नका, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी बरं म्हटलं, म्हणजे ऐकलं नाही.

५

माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्यांचं, रस्त्याच्या अंगाला. त्या दिवसांत खाली रस्ता फोडायचं काम चालू होतं. सकाळी सुरू झालेलं मशीन संध्याकाळी बंद व्हायचं, त्यानंतर वाहनं भोंगे वाजवत त्या खड्ड्यांतून वाट काढायची. आम्ही दोघी एकमेकींशी ओरडून बोलायचो. ताईने आल्याआल्या माझी कपाटं उपसली, पडदे धुतले, आणि माझ्या डोळ्यांत ती ठरल्या वेळी थेंब टाकायला लागली. ते नुसतं पाणी होतं. मी बाटली औषधाची वापरली होती.

ती बरी दिसत होती असं मी स्वतःला सांगत होते. रात्री कूस बदलत राहायची. मी म्हटलं, नवी जागा आहे.

मग साहेबांनी माझ्या समाधानासाठी त्या उतारावरून परत विमान उडवून घेतलं. तसं ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं, आणि मी त्यांचे उपकार मानले. फोटो आले. मी ते मांडले, आरसे जुळवले, डोंगर वर आला. ताईची गच्ची रिकामी होती. चादरी नाहीत, माणूस नाही. ठिपका धरायला डोळे फुटले, पण धरला आणि खाली सोडला.

टेकला.

मी परत उचलला, परत सोडला. टेकला. स्वयंपाकघराच्या कडेला, टाकीपाशी, कुंपणावर, सगळीकडे टेकला. मी मोठ्याने "टेकला!" म्हणाले आणि सगळी खोली हसली. दगडोबाने टाळ्या वाजवल्या. मला रडायला येत होतं आणि हसूही येत होतं. ताईचं घर उभं होतं. माझी ताई वाचली होती, आणि मी वेडीही नव्हते, निदान फार नाही. साहेबांनी मला दुपारीच घरी पाठवलं.

वाटेत मी केक घेतला. ताईला केक आवडतो आणि ती कधीच तसं कबूल करत नाही.

६

खाली मशीन बंद होतं. कामगार सावलीत जेवायला बसले होते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी अडवल्यामुळे वाहनंही नव्हती. जिना चढताना माझ्या स्वतःच्या चपला मला ऐकू येत होत्या. दार ढकललं तेव्हा ताई टेबलाशी बसून कांदा चिरत होती.

"काय गं, आज लवकर?"

"ताई, तुझं घर ठीक आहे. पक्कं आहे. आज परत बघितलं."

"ते मी कधीपासून सांगतेय." ती कांदा चिरत राहिली. लाकडी पाट, लोखंडी सुरी. सुरी खाली येत होती, वर जात होती. फोडी पडत होत्या.

मी केक हातात धरून उभी राहिले. मला सुरीचा आवाज ऐकायचा होता. नुसता एकदा. ताईने सुरी बाजूला ठेवली आणि पाण्याचा ग्लास उचलून प्यायली, आणि ग्लास परत ठेवला. बाहेर एक कामगार हसला ते तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू आलं.

मग मला तो काळा डाग आठवला. पांढऱ्या गच्चीवर ठिपका धरता येत नाही, म्हणून त्या फोटोंत मी दर वेळी तो डाग पकडला होता. दगडोबाने कोपऱ्यात टेकवला, मी ताईवर. मागच्या खेपेला ती गच्चीवर नव्हती, आजच्या फोटोतही नव्हती, आणि दोन्ही वेळा ठिपका टेकला होता. आमच्या कामात माणसं मोजत नाहीत. माणूस म्हणजे फोटोवरचा डाग, त्याच्या खालची जमीन खरी. मी जमिनीवर संशय घेत राहिले, घराचे दोन भाग केले, कातळाला भोकं पाडायला लावली, आणि जिला तिथून उचलून आणायचं म्हणून खोटं बोलले तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही.

मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि बघितलं.

टेबल एवढंसं आहे, दोन माणसांचं. पलीकडच्या माणसाच्या ताटातलं उचलता येतं. टेबल जवळ होतं, पाट जवळ होता, ताईची खुर्ची जवळ होती. ताई नव्हती. म्हणजे ती दिसत होती, पूर्ण, स्वच्छ, कपाळावरची बट, कांद्याने ओले झालेले डोळे, सगळं. लहान झाली नव्हती. पण ती खाली होती. सुळक्याच्या टोकावरून नदीचं पात्र दिसावं इतकी खाली, आणि त्या खुर्चीतच.

मी उजवा डोळा मिटला. ताई समोर बसली होती, हाताच्या अंतरावर. उघडला. मघापेक्षा खोल.

"डोळा दुखतोय का गं?" तिचा आवाज अगदी जवळून आला. "थेंब टाकू?"

"नको." मी पुन्हा उजवा डोळा मिटून घेतला. "ताई, तुला काही होतंय का?"

"मला काय होणार?"

"खरं सांग."

ती पाटावरचा कांदा बोटाने गोळा करत राहिली. "झोप लागताना दचकायला होतं ना कधीकधी? पायरी चुकल्यासारखं? तसं होतं," ती म्हणाली. "फक्त आपण दचकून जागे होतो आणि ते संपतं. हे संपत नाही."

"रात्री होतं?"

"सारखंच होतं. आत्तासुद्धा होतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या डोळ्यांचं एवढं चाललंय, त्यात माझं कुठे सांगत बसू." मग ती मला बरं वाटावं म्हणून हसली. "सवय होते गं. आधी भीती वाटायची, आता कधी लागेल असं वाटतं. पायाला काहीतरी लागलं की बरं वाटेल."

मी टेबलावरून हात पुढे केला. एक डोळा मिटलेला होता म्हणून तो पोचला. तिचा हात मिळाला. ऊबदार होता, ओला होता, कांद्याचा वास येत होता. मी तो पकडला. एक डोळा मिटून माणूस किती वेळ बसू शकतो, याचा मी विचार करत होते. शिंक येते. झोप येते. उघड्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं होतं, आणि मिटलेल्या डोळ्याची पापणी आपोआप थरथरत होती. मला कोणाला तरी बोलवायचं होतं. दगडोबाला, साहेबांना, भाऊजींना. बोलावून मी काय सांगणार होते? ते आले असते, समोर बसले असते, आणि त्यांना ताई दिसली असती, ठीकठाक, कांदा चिरताना.

"सोड की आता," ताई म्हणाली. "भाजी टाकायचीय."

"नाही सोडणार."

"वेडी आहेस का? हात आखडेल तुझा."

"आखडू दे."

ती पुन्हा हसायला गेली आणि मध्येच थांबली. तिने स्वतःच्या पायांकडे बघितलं. टेबलाखाली तिला काय दिसलं ते मला माहीत नाही. मी वाकून बघितलं नाही, माझ्याने ते झालं नाही. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही समोरासमोर बसलो होतो, माझं डोकं तिच्या डोक्याच्या रेषेत होतं, पण ती मान मागे टाकून, वर, खूप वर बघत होती, छताच्याही पलीकडे.

"बारके," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "घट्ट धर गं."

मी धरला होता. दोन्ही हातांनी धरला होता.